लातूर व्हाया केप व्हर्द

नांदेडच्या नव्या मोंढ्यातली एखादी आडत पेढी डोळ्यांसमोर आणावी. नाव कुठलंही घाला, पाटीवर ‘अँड कंपनी’ असलं म्हणजे झालं. लातूरला शाखा आहे, सोयाबीनचा हंगाम आहे आणि लातूरचा भाव कळल्याशिवाय मालकांच्या घशाखाली चहा उतरत नाही. नेमका त्याच दिवशी तिकडच्या मुनिमाचा मोबाइल बंद. मग कुणाला तरी आठवतं, शाखेत लँडलाइन आहे की! इथले मुनीमजी रिसीव्हरवरची धूळ पुसतात, भिंतीवर चिकटवलेल्या कागदाप्रमाणे बाहेरच्या लाइनीचा शून्य दाबतात, मग 02382, मग पुढचे सहा आकडे. पलीकडून इंग्रजीत बाई बोलू लागते.

‘मालक, सकाळधरनं लावायलोय, लागंना.’

‘मोबाइल तर लागायलेत की!’

लाइनवाले सांगतात, आमच्याकडून क्लिअर आहे. मशिनवाला सांगतो, एकदा बंद करून चालू करा. मुनीमजींचं निदान मात्र केव्हाच झालेलं असतं: गडबड ‘वर’ आहे. त्यांचाही दोष नाही. मराठवाड्यात जे अडतं ते वरच अडतं. पाणी नाशिक-नगरकडे अडतं. नांदेडच्या रेल्वेचा निर्णय सिकंदराबादला अडतो, कारण नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत. महसुली आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर दोन्ही शहरं वर्षानुवर्षं भांडत राहिली आणि दोघांच्याही फायली संभाजीनगरच्याच रुटनं गेल्या. मग फोन तेवढा खाली कसा अडेल?

अडला होता तो खालीच. मालकांच्या खुर्चीमागच्या पेटीत, म्हणजे पेढीतले सगळे फोन बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या एक्सचेंजमध्ये.

या पेटीला आउटगोइंगचे रस्ते शिकवावे लागतात. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. पेटीत तसाच गोल चौक असतो आणि आलेल्या नंबरानं कुठं वळायचं हे त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ठरतं. बाहेरची लाइन मागण्यासाठी दाबलेला पहिला शून्य पेटीनं स्वतः गिळायचा आणि उरलेले आकडे पुढं पाठवायचे, असा साधा करार.

तो करार मोडला दिल्लीहून आलेल्या एका फर्मानानं. आकडे पुरेनात म्हणून 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य सक्तीचा झाला. पेढीत सगळ्यांची सवय एकाच शून्याची. तो पेटी गिळायची आणि मोबाइल लागायचा नाही. दहा माणसांना दोनदा शून्य दाबायला शिकवण्यापेक्षा एका पेटीला शिकवणं सोपं. मशिनवाल्यानं ‘किती आकडे गिळायचे’ या चौकटीतला 1 खोडून 0 केला. मोबाइल धडाधड लागले. मशिनवाला चहा पिऊन गेला. लँडलाइनला फोन करतो कोण आता? त्यामुळं पुढची काही वर्षं कुणाच्या काही लक्षातच आलं नाही.

आता मुनीमजींचा शून्य आणि लातूरच्या कोडचा शून्य, दोन्ही न गिळता बाहेर पडतात. भारतात नंबराच्या आधी दोन शून्य म्हणजे परदेश. पुढचे तीन आकडे 238, म्हणजे केप व्हर्द, आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकमधला बेटांचा देश. मागं उरतात सात आकडे, पहिला 2. तिथले नंबर सातच आकड्यांचे आणि लँडलाइन 2 नंच सुरू होते. हिशेब इतका चोख, की मालकांनी आयएसडीला कुलूप घातलं नसतं तर सोयाबीनचा भाव एखाद्या बेटावर विचारला गेला असता, तोही आयएसडीच्या दरानं.

उलट दिशेनं लातूरहून नांदेडचा 02462 असाच लावला तर देश क्रमांक होतो 246, म्हणजे दिएगो गार्सिया. तिथं अमेरिकेचा लष्करी तळ आहे. भिंतीवरचा कागद वाचून मोबाइललाही इमानदारीत दोन शून्य दाबणारा नवा पोरगा 98 च्या नंबराला इराणला जातो, 94 च्या नंबराला श्रीलंकेला. आणि पेटी पहिला शून्य गिळत असेल नि दाबताना एखादा कमी पडला, तर 2382 पासूनचे पहिले सहा आकडे स्थानिक समजले जाऊन नांदेडातल्याच कुणाची तरी दुपारची झोप मोडते. लोहा, अहमदपूर, चाकूर ओलांडलं की येणारं लातूर तेवढं लागत नाही.

मशिनवाला शेवटी स्वतः येतो. आधी परवानगी बघतो, कारण पेटीतही उतरंड असते: मालकांच्या फोनला सगळे रस्ते, मुनीमजींना राज्यापुरते, गेटवरच्या मामांना फक्त आतले. पूर्वी यासाठी डायलला चक्क कुलूप असायचं आणि हुशार माणसं रिसीव्हरखालचा खटका टिचकावून नंबर लावायची, शून्याला दहा टिचक्या.

परवानगी ठीक निघते. मग तो लाइनची वायर पेटीतून उपटून साध्या फोनला जोडतो. लातूर पहिल्या झटक्यात वाजतं. म्हणजे ‘वर’ सगळं क्लिअर. पेटीची नोंदवही उघडल्यावर बाहेर गेलेला नंबर दिसतो: 002382. तो 0 चा पुन्हा 1 करतो. लातूर लागतं आणि त्याच क्षणी पेढीतले सगळे मोबाइल कॉल बंद पडतात. आतून आरडाओरडा. मग जे 2021 लाच करायला हवं होतं, ते आता होतं, दोन वेगळे नियम: शून्यानंतर 6 ते 9 ने सुरू होणारे दहा आकडे आले तर काही गिळू नको, बाकी सगळ्यांचा पहिला शून्य गिळ.

मुनीमजी पुन्हा लावतात. लातूरची घंटी वाजते.

‘अवो, आम्ही पण सकाळधरनं लावायलोय. इंग्रजीत बाई बोलायलीय.’ पेटी तिथंही त्याच मशिनवाल्यानं बसवलेली.

‘ते असू द्या, भाव सांगा.’

‘भाव? दहालाच ग्रुपवर टाकलाय की.’

ग्रुप मालकांनी दिवाळीपासून म्यूट करून ठेवलाय. रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात म्हणून.