स्कॉटलंड, मार्गे सातारा

स्कॉटलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास आणि क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याएवढं. हे दोन आकडे हाती लागले की मराठी माणूस लगेच म्हणतो, "मग काय, आठवड्यात उरकू!" आमच्या घरात हे वाक्य नवऱ्याने उच्चारलं. बारसं, वास्तुशांत आणि परदेश हे तिन्ही उरकण्याचेच विषय आहेत अशी त्याची श्रद्धा आहे.

बेत असा होता. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि चिरंजीव यांनी पुण्याहून लीड्सला धाकट्या दिराकडे जायचं, तिथून भाऊजी आणि जाऊबाईंना घ्यायचं, नऊ आसनी गाडी भाड्याने घ्यायची आणि स्कॉटलंडची वाट धरायची. भाऊजी इतकी वर्षं लीड्सला राहतात, पण स्कॉटलंडला एकदाही गेलेले नाहीत. त्यामुळे मार्गदर्शक म्हणून त्यांचीच एकमताने निवड झाली. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बैठक भरू लागली.

पहिला वाद महिन्यावरून. भाऊजी म्हणाले, मे महिना उत्तम. सासूबाई म्हणाल्या, "आंबे टाकून मे महिन्यात कुणी घर सोडतं का?" मग भाऊजींनी समजावलं की पश्चिम स्कॉटलंडात त्यातल्या त्यात कोरडे महिने एप्रिल आणि मे हेच. पुढे उन्हाळाभर तिथे 'मिज' नावाची चिलटं थव्याने येतात. दिसतात न दिसतात एवढी, पण चावली की माणूस रस्त्यात नाचतो. चावते फक्त मादी. "फक्त मादीच?" नवऱ्याने उगाचच विचारलं. बैठकीतल्या तिन्ही बायकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विषय संपला. लीड्सला हापूसच्या पेट्या मिळतात हे कळल्यावर मे महिना मंजूर झाला.

मग प्रत्येकाने आपापलं स्कॉटलंड बाहेर काढलं. नवऱ्याच्या मनात 'नॉर्थ कोस्ट ५००' भरलेला. इन्व्हरनेसहून निघून उत्तरेच्या किनाऱ्याने पुन्हा इन्व्हरनेसला येणारी ही वाट २०१५ मध्ये पर्यटकांसाठी जाहीर झाली; लांबी ५१६ मैल, म्हणजे ८३० किलोमीटर. नवऱ्याने त्रैराशिक मांडलं. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर आठ तासांत, तर ८३० किती तासांत? उत्तर साडेनऊ. "सकाळी चहा घेऊन निघालो तर रात्री जेवायला परत!" भाऊजींनी खाकरून सांगितलं की त्या वाटेचा बराच भाग एका गाडीपुरताच आहे. समोरून दुसरी गाडी आली तर एकाने बाजूच्या फुगवट्यात थांबायचं, आणि मेंढी आली तर दोघांनीही.

चिरंजीवांना हॅरी पॉटरच्या सिनेमातला ग्लेनफिनन इथला २१ कमानींचा पूल हवा होता. नुसता पूल नको, त्यावरून वाफेची आगगाडी जात असताना हवा. जाऊबाईंना एडिंबरा हवं होतं. तिथल्या आर्थर सीट नावाच्या डोंगरावरून सगळं शहर दिसतं म्हणे. सासूबाई म्हणाल्या, "आर्थर सीट महाबळेश्वरला पाहिलाय की! पुन्हा कशाला?" त्यांची स्वतःची मागणी एकच होती. राहण्याच्या जागी शेगडी हवी.

शेवटी अण्णा बोलले. अण्णा, म्हणजे माझे सासरे, साताऱ्याचे. इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी दोनशेपानी वही उघडली आणि स्कॉटलंड हा मुळात सातारा जिल्ह्याचाच वाढीव भाग आहे हे सिद्ध करायला घेतलं. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन जन्मले डम्बार्टनला. त्यांच्यानंतरचे गव्हर्नर सर जॉन माल्कम लँगहमजवळचे. महाबळेश्वरच्या 'माल्कम पेठे'चं नाव त्यांच्यावरून पडलेलं. आणि १८१८ पासून साताऱ्याचा कारभार पाहणारा, प्रतापसिंह महाराजांच्या दरबारचा जेम्स ग्रँट डफ, तो उत्तर-पूर्व किनाऱ्यावरच्या बॅन्फचा. जन्म १७८९.

एल्फिन्स्टन आणि माल्कम यांच्याबद्दल अण्णांचं मत मध्यम आहे. डफशी मात्र त्यांचं भांडण आहे. डफने मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये तीन खंडांत छापला, आणि कीर्तन्यांपासून राजवाड्यांपर्यंत अनेकांनी त्याला धारेवर धरलं. "पण त्याच्या गावात जाऊन कुणी धरलं नाही," हे अण्णांचं शल्य. डफ १८५८ मध्ये वारला, ही अडचण त्यांना किरकोळ वाटत होती.

मग तह सुरू झाला. नवऱ्याने एक्सेलमध्ये सगळ्या मागण्या रंगवल्या. कागद होळीच्या दुसऱ्या दिवशीचा वाटू लागला. अण्णांनी एल्फिन्स्टन सोडला, पण माल्कम ठेवला, कारण लँगहम एडिंबऱ्याच्या वाटेवरच येतं आणि गावामागच्या टेकडीवर त्याचा स्मारकस्तंभ गाडीतूनही दिसतो. डफबद्दल वाटाघाटी नाहीत. नवऱ्याचे ८३० किलोमीटर कापत कापत एका घाटावर आणले. चिरंजीवांच्या आगगाडीचं वेळापत्रक मात्र कुणालाच हलवता येईना, म्हणून बाकीचा सगळा प्रवास त्या गाडीच्या वेळेला बांधला. सात मोठ्या-छोट्या माणसांचा कार्यक्रम एका इंजिनाने ठरवला.

राहण्याच्या जागांनी आणखी छाटणी केली. स्काय बेटावरच्या खोल्या हंगामात महिनोन् महिने आधी भरतात. जिथे शेगडी होती तिथे जागा नव्हती, जिथे जागा होती तिथे शेगडी नव्हती. शेवटी आधी खोल्या मिळाल्या आणि मग त्या खोल्यांना जोडणाऱ्या रेघेला आम्ही 'मार्ग' म्हणू लागलो.

मध्येच कालनिर्णय उघडल्यावर कळलं की प्रवासात संकष्टी येते. मेअखेर त्या भागात सूर्यच रात्री दहाच्या सुमारास मावळतो, आणि संकष्टीचा चंद्र उगवायला मध्यरात्र उलटून जाते. तोही ढगांनी परवानगी दिली तर. नवरा म्हणाला, "आई, या वेळी उपास नको." सासूबाईंनी दोन मिनिटं विचार केला आणि निकाल दिला, "पुण्याचा चंद्र धरू." पुण्याचं घड्याळ तेव्हा साडेचार तास पुढे असतं. म्हणजे पुण्यात रात्री चंद्रोदय झाला की स्कॉटलंडात चहाची वेळ! इतका सोयीचा उपास त्यांनी आयुष्यात केला नव्हता.

बॅगा भरताना एकच शोकांतिका झाली. दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे साताऱ्याचे कंदी पेढे घरीच राहिले. चकली, चिवडा, गोडा मसाला, मेतकूट आणि छोटा कुकर मात्र सुखरूप पोचले.

लँगहमचा स्तंभ दिसताच अण्णांनी गाडी थांबवायला लावली आणि सर्वांना माल्कम समजावून सांगितला. एडिंबऱ्यात किल्ल्यावरून दुपारी एकला तोफ सुटते. रविवार सोडून रोज, १८६१ पासून. सासूबाईंनी तिथे 'टॅब्लेट' नावाची मिठाई चाखली. साखर, आटवलेलं दूध, लोणी. डोळे मिटून त्या म्हणाल्या, "दुधाची वडी आहे. पाक जरा पुढे गेलाय." पण मग दुकानातून तीन पुडे घेतले.

ग्लेन्को खोऱ्यात अण्णांनी १६९२ ची हकिगत सांगितली. सरकारी सैनिक मॅकडोनल्डांच्या घरी बारा दिवस पाहुणचार घेत राहिले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे त्यांनी यजमानांचीच कत्तल केली. सासूबाई हादरल्या. "ज्याचं मीठ खाल्लं त्यालाच?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पाहुण्यांना फार दिवस ठेवूच नये." जाऊबाईंनी इतक्या चटकन मान हलवली की भाऊजी खिडकीबाहेर बघू लागले.

फोर्ट विल्यमला बेन नेव्हिस लागला. ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर, १३४५ मीटर. अण्णांनी वही पाहिली. "म्हणजे महाबळेश्वरच्या बाजारात चणे खात उभं राहिलं की माणूस जवळपास एवढाच उंच असतो." त्यानंतर डोंगराकडे कुणी फारशा आदराने पाहिलं नाही. शिखर ढगात होतं, त्यामुळे त्यालाही हे कळलं नसावं.

मॅलेगहून फेरीबोटीने स्कायला गेलो आणि परतताना पुलावरून आलो. १९९५ मध्ये झालेल्या या पुलावर टोल होता. बेटावरच्या लोकांनी तो भरायला नकार दिला, खटले अंगावर घेतले, आणि २००४ च्या डिसेंबरात टोल बंद झाला. हे ऐकून अण्णांनी पुणे-सातारा रस्त्यावरचे नाके आठवत पुलाला हात जोडले.

नवऱ्याच्या वाट्याचा घाट म्हणजे ॲपलक्रॉसचा बेलख ना बा. समुद्रकाठावरून ६२६ मीटर चढ, केसाच्या पिनेसारखी वळणं, आणि सुरुवातीला भला मोठा फलक: शिकाऊ चालक आणि मोठ्या गाड्यांनी इकडे येऊ नये. सासूबाईंनी विचारलं, "घाटाच्या तोंडाशी देऊळ कुठाय?" देऊळ नव्हतं. मग त्यांनी त्या फलकालाच नमस्कार केला. स्वयंपाकघरात वापरायला आणलेला नारळ गाडीत होता. तो फोडायला निघाल्या, पण मागे गाड्या साचल्या होत्या.

खरी गंमत दिव्यांची झाली. आपल्याकडे समोरच्याने दिवे उघडमीट केले की अर्थ, "बाजूला हो, मी येतोय." तिथले लोक तेच करून सांगतात, "या, तुम्ही आधी या." नवऱ्याने दिवे मारले, समोरचा हात हलवत, आभार मानत पुढे आला. समोरच्याने दिवे मारले. नवरा रागावून थांबला, आणि समोरचाही थांबलाच होता. एका वळणावर दोन गाड्या समोरासमोर इतका वेळ दिवे मिचकावत राहिल्या की मधून एक मेंढी सावकाश रस्ता ओलांडून गेली. अखेर जाऊबाई उतरल्या आणि त्यांनी वाहतूक पोलिसासारखे हातवारे केले. संध्याकाळपर्यंत नवरा सुधारला. कुणी दिसलं की आधी स्वतः थांबायचा, एक बोट वर करून आभार घ्यायचा आणि द्यायचा. पुण्यात परतल्यावर हा गुण सिंहगड रस्त्याच्या पहिल्या चौकातच गळून पडला.

लॉख नेसला राक्षस दिसला नाही. १९३३ पासून लोक त्याला शोधताहेत. १९३४ चा त्याचा प्रसिद्ध फोटो बनावट होता हे पुढे उघड झालं. अण्णांना राक्षसात रस नव्हता, पाण्यात होता. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या तळ्यांत मिळून नाही एवढं गोडं पाणी या एका सरोवरात आहे, हे ऐकून त्यांनी सातारी मापाने विचारलं, "टीएमसी किती?" भाऊजींनी मोबाइलवर हिशेब केला. दोनशे साठच्या आसपास. अण्णा गप्प झाले. कोयना १०५. "अडीच कोयना," ते हळूच म्हणाले, आणि स्कॉटलंडने त्यांच्याकडून पहिल्यांदा मान मिळवला.

शेवटी बॅन्फ. समुद्रकाठचं शांत, नीटस गाव. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, वही काखेत घेऊन उतरले. कुत्र्याला फिरवणारे एक वृद्ध गृहस्थ समोर आले. अण्णांनी विचारलं, जेम्स ग्रँट डफ यांचं गाव हेच ना? गृहस्थांनी बराच विचार केला, कुत्र्याकडे पाहिलं आणि नम्रपणे सांगितलं की हे नाव त्यांनी ऐकलेलं नाही.

अण्णांचा चेहरा उतरला. "नाव ऐकलं नाही? अहो, तीन खंड लिहिले त्याने! कागदपत्रं जमवली, बखरी मिळवल्या, प्रकृती ढासळेपर्यंत काम केलं!" पुढची वीस मिनिटं त्यांनी त्या गृहस्थांना डफची थोरवी ऐकवली. डफच्या चुकांची यादी वहीतच राहिली. गृहस्थांनी शेवटी अण्णांचा हात हातात घेतला आणि आपल्या गावच्या माणसाची इतक्या लांबून आठवण ठेवल्याबद्दल आभार मानले. गाडीत बसताना सासूबाई म्हणाल्या, "भांडायला आला होतात ना?" अण्णा म्हणाले, "ते आमचं आपसातलं आहे. परक्यासमोर नाही."

तेव्हा स्कॉटलंडला निघणाऱ्यांना सांगणं इतकंच. आधी खोल्या धरा, मग रस्ता ठरवा. यादी करा आणि तिच्यातली निम्मी नावं खोडा. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा, आणि घरची माणसं सोबत असतील तर त्याचे दीडपट करा. जेवणाची वेळ सूर्यावर सोडू नका. तो दहाला मावळतो, पण हॉटेलांची स्वयंपाकघरं बरीच आधी मावळतात. आणि जमलं तर सोबत असा एक वडीलधारा माणूस घ्याच, ज्याचं त्या देशाशी जुनं भांडण आहे.