उत्तर द्या, मग पुढचा अहवाल मागवा

ठाणे खाडीतल्या एका फ्लेमिंगोचं नाव ‘नवी मुंबई’ आहे. 2022 च्या जानेवारीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या संशोधकांनी सहा फ्लेमिंगोंवर जीपीएस यंत्रं बसवून त्यांना सोडलं. हुमायून, लेस्टर, सलीम, मॅकॅन, खेंगारजी आणि हा ‘नवी मुंबई’. राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानचं या कामाला पाठबळ होतं. हे पक्षी चरतात कुठे, भरती चढली की थांबतात कुठे, पावसाळ्याच्या तोंडावर गुजरातकडे कोणत्या वाटेने निघतात, हे नकाशावर उमटू लागलं.

हा पक्षीवेड्यांचा छंद आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने आपल्या शहराकडे एकदा नीट बघावं. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो तिथे चरतात. भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो. मग हजारो पक्ष्यांना उथळ पाण्याची, उभं राहता येईल अशी जागा लागते. ती जागा म्हणजे आपल्या नेरूळ-सीवूड्सची तळी: डीपीएस शाळेच्या मागचं, एनआरआय संकुलालगतचं, टीएस चाणक्यच्या बाजूचं. उरणच्या अंगाला पाणजे, बेलपाडा, भेंडखळ. खाडी आणि ही तळी मिळून पक्ष्यांचं एकच घर होतं. त्यातलं एक दालन बुजवलं तर पक्षी घर सोडून जात नाहीत, कारण चरण्याचा चिखल खाडीतच आहे. ते दुसरी सपाट, ओली जागा शोधतात. नवी मुंबईत आता अशी सर्वांत मोठी मोकळी जागा कोणती, हे वेगळं सांगायला नको. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या विमानतळाचं उद्घाटन झालं.

बीएनएचएसने हे फार आधी लिहून दिलं होतं. भरतीच्या वेळची विसाव्याची तळी राखा, ती गेली तर पक्षी विमानतळाच्या परिसराकडे वळतील, धोका पक्ष्यांना आणि विमानांना दोघांनाही आहे. ठाणे खाडीभोवतीच्या पाणथळींसाठी त्यांनी व्यवस्थापनाचा आराखडाही दिला. बदलत्या शहराला, तिथल्या संस्थांना पाऊल टाकण्याआधी दिवा दाखवणारं संशोधन म्हणतात ते हेच. तरीही 2024 च्या उन्हाळ्यात डीपीएस तळ्याची काय अवस्था झाली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. नेरूळच्या प्रवासी जेटीच्या कामात भरतीचं पाणी तळ्यात आणणारी वाट बंद झाली. पाणी साचून राहिलं, शेवाळ माजलं, फ्लेमिंगो भरकटले, रस्त्यावर उतरले, काही मेले. त्याच मे महिन्यात घाटकोपरला दुबईहून येणाऱ्या विमानाच्या धडकेत चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो गेले. विमान सुखरूप उतरलं, ही दैवाची कृपा. मग समिती बसली, पाण्याची वाट मोकळी करा असं ठरलं, आणि 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या 30 एकरांच्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मंजुरी दिली.

निर्णय चांगला आहे, मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पण क्रम बघा. अभ्यास आधी, पक्षी मेले नंतर, निर्णय त्याच्याही नंतर. अभ्यास हातात असताना जेटीच्या आराखड्यावर सही करणाऱ्याने तो उघडला होता का, एवढंच मला विचारायचं आहे. आणि उघडला नसेल तर तो उघडण्याची सक्ती त्याच्यावर कुठे होती?

काही मंडळी म्हणतात, पाणथळ राखली म्हणूनच पक्षी येतात, ती बुजवली की विमानं निर्धोक होतील. हा युक्तिवाद ऐकायला सोपा आहे आणि पूर्ण चुकीचा आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 पासून आहे, 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. लाखाच्या घरात पक्षी येणारी ती खाडी कुणी बुजवणार नाही. म्हणजे पक्षी राहणारच. त्यांना भरतीचे तीन-चार तास कुठे उभं करायचं, याची निवड आपल्या हातात आहे, आणि ती निवड कशी करायची हे संशोधकांनी मोजून सांगितलं आहे.

याच खाडीवर दुसरं उदाहरणही आहे. शिवडी ते न्हावा शेवा हा 21.8 किलोमीटरचा पूल, अटल सेतू. तिथे बीएनएचएसचा अभ्यास 2018 ते 2028 असा दहा वर्षांचा बांधून घेतला, खर्च एमएमआरडीएने उचलला. पुलाला जपानच्या जायकाचं कर्ज होतं आणि अशा कर्जात पर्यावरणाचा हिशेब द्यावाच लागतो. काम चालू असतानाच पक्ष्यांची मोजणी चालू राहिली, शिवडीच्या बाजूला पुलावर आवाज अडवणाऱ्या भिंती आल्या. पुलाने खाडीला काहीच त्रास दिला नाही असं मी म्हणत नाही. पण तिथे प्रश्न विचारणारा कुणीतरी पैशाच्या दोरीचं टोक धरून बसला होता. नेरूळच्या तळ्याच्या वेळी ते टोक कुणाच्याच हातात नव्हतं. फरक पडला तो इथे.

आता पक्षी बाजूला ठेवा आणि स्वतःच्या सोसायटीच्या तळमजल्याकडे या. वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूरचा बराच भाग खाजणात भराव घालून उभा केलेला आहे. मोठ्या उधाणाच्या पाण्याची पातळी आपल्या काही रस्त्यांच्या वर जाते. तरी शहर रोज बुडत नाही, कारण सिडकोच्या अभियंत्यांनी डच धर्तीवर धारण तलाव बांधून ठेवले. ओहोटीच्या वेळी एखाद्या तलावाच्या खाडीकडच्या तोंडाशी उभं राहून बघा. तिथे जाड लोखंडी झडप असते, बिजागरी वरच्या कडेला. आतलं पाणी वाढलं की ते झडप बाहेर ढकलून खाडीत उतरतं. भरती चढली की खाडीचंच पाणी बाहेरून रेटा देऊन झडप मिटवतं. वीज लागत नाही, बटण दाबायला माणूस लागत नाही. भरतीचे ते काही तास पावसाचं पाणी तलावात साठवायचं, ओहोटी लागली की सोडायचं. झडपेच्या फटीत एखादा नारळ, थर्माकोलचा तुकडा, गोणपाट अडकला की ती पुरती मिटत नाही आणि खाडी उलटी शहरात शिरते. एवढ्या साध्या गोष्टीवर आपलं घर कोरडं राहतं.

आणि हे तलाव आज गाळाने भरले आहेत. भरतीबरोबर आलेला गाळ वर्षानुवर्षं बसत गेला, गाळावर खारफुटी उगवली, तलाव उथळ झाले. खारफुटी तोडता येत नाही. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये अंतरिम आणि 2018 मध्ये अंतिम आदेश देऊन तिला संरक्षण दिलं, आणि ते योग्यच केलं, कारण किनारा राखते ती खारफुटीच. मग गाळ काढायचा कसा? हा भाषणाचा विषय नाही, मोजणीचा आहे. कोणत्या तलावात किती घनमीटर पाणी मावायचं आणि आता किती मावतं. मधला पाण्याचा मार्ग तेवढा मोकळा केला तर किती झाडं जातील, कडेची किती राहतील. 4.5 मीटरच्या वरची भरती आणि तासाला अमुक पाऊस एकत्र आले तर पाणी कोणत्या सेक्टरात किती चढेल. ही उत्तरं असतील तर न्यायालयात परवानगी मागता येते. नसतील तर महापालिका तिकडे बोट दाखवते, सिडको इकडे, कांदळवन कक्ष कायद्याकडे, आणि गाळ आहे तिथेच राहतो.

खरं तर या भूमीला झडपांचं शास्त्र डच लोकांनी शिकवायची गरज नव्हती. सिडको 1970 साली आली. त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या आगरी शेतकऱ्याने खाजणात बांध घातला, बांधाला उघाडी बसवली, खारं पाणी बाहेर ठेवून गोडं पाणी सोडलं आणि भात पिकवला. बांध फुटला तर गाव रात्रीत धावायचं. दिवाळे, सारसोळे, करावे इथला कोळी आजही चंद्राची तिथी बघून सांगतो की उधाणाचं पाणी कोणत्या नाल्यात कुठवर येणार, कोणत्या तोंडाशी गाळ बसलाय, जिताडा आणि निवट्या कुठून नाहीशा झाल्या. शहराचा अभ्यास करायला येणाऱ्या पथकाने पहिला दिवस या माणसाबरोबर होडीत घालवायला हवा, आणि त्याच्या दिवसाचा मोबदला त्याला रीतसर द्यायला हवा. सल्लागाराला फी मिळते, मग ज्याच्या माहितीवर सल्ला उभा राहतो त्याला काहीच का नाही?

हे मी भावनेपोटी बोलत नाही. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात मच्छीमारांची सोसायटी उच्च न्यायालयात गेली. 2021 मध्ये न्यायालयाने मच्छीमारांचा भरपाईचा हक्क मान्य केला आणि सरकारला धोरण आखायला सांगितलं. पूल ठरवतानाच जाळी कुठे पडतात, होड्या कुठून जातात याची नोंद घेतली असती तर त्या लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली नसती. ज्या गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, 1984 च्या जानेवारीत जमिनीच्या लढ्यात ज्यांच्यातल्या पाच जणांनी जासई-दास्तान फाट्यावर जीव दिला, त्यांना विचारणं हा उपकार नाही.

नवी मुंबईभोवती संशोधनाचा दुष्काळ नाही. पवईला आयआयटी आहे, फोर्टात बीएनएचएस आहे, ऐरोलीत कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, राज्याने टेरीकडून हवामान बदलाशी जुळवून घेण्याचा आराखडाही करून घेतला. दुष्काळ आहे तो उत्तराचा. 2020 च्या मे महिन्यात महापालिकेची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. पटलावर ठेवलेला अहवाल घेऊन ‘याचं काय केलंत?’ म्हणून उभा राहणारा नगरसेवकच सभागृहात नव्हता. त्या काळात शहरात चौकाचौकात फ्लेमिंगोचे पुतळे उभे राहिले. पुतळ्यांना माझी हरकत नाही. पण त्या खर्चाच्या शेजारी तळ्याच्या नाल्यातला राडारोडा काढायचा खर्चही दिसायला हवा होता.

म्हणून मागणी एकच, आणि ती छोटी आहे. सिडको असो, महापालिका असो, मेरिटाइम बोर्ड असो, जनतेच्या पैशातून अभ्यास करून घेतला की तो मराठीत जाहीर करा आणि 60 दिवसांत प्रत्येक शिफारशीसमोर लिहा: मान्य की अमान्य. मान्य असेल तर कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात, कोणत्या लेखाशीर्षाखाली. अमान्य असेल तर का, आणि खाली सही कुणाची. तेवढं होईपर्यंत त्या जागेवरच्या कोणत्याही नव्या कामाची निविदा काढू नका, आणि त्याच विषयावर दुसरा सल्लागारही नेमू नका. सुरुवात धारण तलावांपासून करा. कोणत्या तलावात किती गाळ आहे, न्यायालयाची परवानगी कुठवर आली, झडपा शेवटच्या कधी तपासल्या, हा तक्ता प्रत्येक विभाग कार्यालयाच्या दारावर पावसाळ्याआधी लागला पाहिजे. लागला नाही तर तुमच्या नगरसेवकाला फोन करा आणि तलावाचं नाव घेऊन विचारा.