एका अनुस्वाराचे चार डॉलर

छापखान्यात २६ वर्षं मी मुद्रितं तपासली. लग्नपत्रिकेतल्या 'चि. सौ. कां.'वरचा अनुस्वार उडाला, तर नवरीच्या बापाआधी माझी झोप उडायची. पुढे लेखक मंडळी आपल्या चुका आपणच टाइप करून थेट छापायला पाठवू लागली आणि माझी गरज संपली. तेव्हा हिंजवडीत नोकरी करणारा भाचा म्हणाला, ''मामा, टेस्टिंग करा. घरबसल्या लोकांची ॲप वापरायची. चूक सापडली की डॉलर.''

''ऱ्हस्व-दीर्घाची चालेल?''

''कुठलीही चालेल.''

ज्या खोडीपायी आयुष्यभर घरात बोलणी खाल्ली, तिचे कुणी परकीय चलनात पैसे देतो म्हणतोय, हे मी बायकोला दोनदा ऐकवलं. ती म्हणाली, ''आधी मिळू देत.''

मिळायच्या आधी द्यायचंच बरंच होतं. पॅन नंबर द्या, बँकेचा तपशील द्या. आपण अमेरिकन नाही, हे अमेरिकेच्या करखात्यासाठी लिहून देणारा डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरा. पाठीमागे पर्वती आणि अंगात बंडी असताना ही शंका कुणाला यावी, कळेना. पण दिला लिहून.

सुरुवात झकास झाली. पर्यटनाच्या एका ॲपवर मराठी मजकूर तपासायचा होता. तिसऱ्याच पानावर 'सह्याद्रीच्या खोल दर्यांत' भटकायचं आमंत्रण होतं. दऱ्यांच्या जागी दर्या! सह्याद्रीत समुद्र घुसवला होता पठ्ठ्यांनी. तक्रार इंग्रजीतून लिहायची असते: काय केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. मराठी र ची ही गंमत परक्या माणसाला इंग्रजीत पटवता पटवता मला घाम फुटला. शेवटी भाच्यानेच सांगितलं, की युनिकोडमध्ये नुक्त्याच्या ऱ ला ०९३१ हा वेगळा क्रमांक आहे. तो न वापरता साधा र टाकला की दरीचा दर्या होतो. हा आकडा घातल्याबरोबर समोरचा नरमला. चूक मंजूर. चार डॉलर! छापखान्यात असल्या हजारो चुकांबद्दल कुणी चहा पाजला नव्हता. त्या दिवशी मी भाच्याला जेवायला बोलावलं आणि श्रीखंडावरच चार डॉलरहून जास्त गेले.

मग धंद्याची दुसरी बाजू दिसू लागली. पैसे चूक शोधल्याचे नसतात, ती पहिल्यांदा नोंदवल्याचे असतात. तुमच्याआधी मनिलात किंवा कीव्हमध्ये बसलेल्या कुणी तीच चूक मिनिटभर आधी टाकली, की तुमच्या दोन तासांच्या मेहनतीवर 'डुप्लिकेट' असा शिक्का. शिवाय काम सुटतं ते त्यांच्या घड्याळाने. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला दुपारचे चार वाजतात, तेव्हा पुण्यात रात्रीचा दीड झालेला असतो. साहेब नाही, लोकलची गर्दी नाही, रजेचा अर्ज नाही हे सगळं खरं; पण रजाच नाही, हेही तितकंच खरं. तीन महिन्यांत माझी कमाई ३१ डॉलर झाली होती. त्यातून रुपये करताना काही कापले गेले, ते वेगळेच. बायको भाजी निवडता निवडता विचारायची, ''आज किती डुप्लिकेट?''

आता त्या बुधवारबद्दल.

आमच्याकडे पाणी बंद असायचा दिवस बहुधा गुरुवार. झोपायला जाताना बायको बजावून गेली, ''उद्या पाणी नाही. आत्ता आहे तोवर भांडी भरून ठेवा.'' मी 'हो' म्हणालो आणि फोन उघडला. घरभाडं भरायचं एक ॲप तपासायला आलं होतं. पावसाळ्याचे दिवस, खिडकी उघडी, खोलीत फक्त फोनचा उजेड. माझ्या वयाला शोभेल एवढी अक्षरं मोठी करून मी एक बटण दाबत होतो. दाबून दाबून अंगठा दुखला, तेव्हा चष्मा सारखा करून पाहिलं. बटणावर लिहिलं होतं, 'भांडे भरा'.

भाडे भरायच्या ॲपवर भांडे भरा! माझ्यातला मुद्रितशोधक खाडकन जागा झाला. लगेच स्क्रीनशॉट काढला. स्क्रीनशॉटमध्ये मात्र 'भाडे भरा'च. पुन्हा काढला. पुन्हा 'भाडे'. पुरावा घ्यायला गेलं की चूक अंतर्धान पावते! असली चूक साधी नव्हे, म्हणून मी ती सर्वांत गंभीर वर्गात टाकली.

पंधरा मिनिटांत उत्तर आलं: 'कॅनॉट रिप्रोड्यूस'. म्हणजे, आमच्याकडे असं काही दिसत नाही. मी पेटलो. बायकोला हलवून तिचा फोन मागितला, माझ्या फोनचा फोटो काढायला. ती झोपेतच पुटपुटली, ''भांडी भरलीत का?'' कामाच्या धुंदीत मला ते दुसऱ्या परीक्षकाचं अनुमोदन वाटलं. फोटोत अनुस्वार ठसठशीत आला. अनुस्वाराने अर्थाचा कसा अनर्थ होतो, यावर इंग्रजीत दीड पान लिहून मी अपील ठोकलं आणि विजयी मुद्रेने झोपलो.

सकाळी उत्तर आलेलं होतं, अतिशय सभ्य भाषेत. 'आपण पाठवलेला फोटो कृपया मोठा करून पाहावा.'

पाहिला. अनुस्वाराला पाय होते. एक पंखही होता, जरासा चुरगळलेला. बटण दाबता दाबता एक पावसाळी किडा माझ्याच अंगठ्याखाली, नेमका 'भा'च्या डोक्यावर कामी आला होता.

भाचा हसून हसून लोळला. मग मला धीर द्यायला त्याने एक गोष्ट सांगितली. १९४७च्या सप्टेंबरात हार्वर्डच्या मार्क टू संगणकात एक पतंग अडकलेला सापडला होता. ग्रेस हॉपर ज्या चमूत होत्या, त्या चमूने तो नोंदवहीत चिकटपट्टीने डकवला आणि खाली लिहिलं, की खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच घटना. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणायची पद्धत त्याच्याही आधीची, एडिसनच्या पत्रांतसुद्धा तो शब्द आहे. पण पतंगासकट ती नोंदवही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. ''मामा, तुम्ही त्याच परंपरेतले!''

मला जरा बरं वाटलं. आपलाही पुरावा चिकटपट्टी लावून जपावा, म्हणून फोन मागितला. तोवर बायकोने काच पदराने पुसून लख्ख केली होती.

माझं त्या साइटवरचं मानांकन खाली घसरलं आणि महिनाभर नवं काम आलं नाही. त्या गुरुवारी दिवसभर नळाला पाणी नव्हतं आणि घरात एकही भांडं भरलेलं नव्हतं.