थंडीचा पंचनामा

नवी मुंबईत थंडीवर बोलणारे लोक दोन प्रकारचे. पहिले पाम बीच रोडवर सकाळी चालायला येतात. त्यांच्या कपाटात मनालीहून आणलेलं एक स्वेटर असतं आणि यंदाही त्याची घडी मोडली नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. दुसरे दिवाळे, सारसोळे, वाशीगावच्या धक्क्यांवर फाटकी जाळी शिवत बसलेले होडीवाले. त्यांच्याकडे स्वेटर नाही, होडी आहे, आणि ती अर्धी रिकामी परत येते. पहिल्यांचं ग्लोबल वॉर्मिंगवर एकमत चहा संपायच्या आत होतं. दुसऱ्यांचं काही केल्या होत नाही.

धक्क्यावर तीन पक्ष आहेत.

एक म्हाताऱ्या नाखवांचा. त्यांच्या लहानपणी दत्तजयंतीच्या सुमारास पहाटे घोंगडी घेतल्याशिवाय होडीत पाय ठेववत नसे. आठवण खरी आहे, फक्त ती वाढत्या अंगाची आहे. मुंबईत आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, सांताक्रूझचं, २२ जानेवारी १९६२ चं. धक्क्यावरच्या बोलण्यात ते केव्हाच पाचावर आलं आणि पृथ्वी जसजशी तापते आहे तसतसं आणखी खाली चाललं आहे. शेवटी खाडीत बर्फ पाहिलेला माणूसही भेटेल.

दुसरा पक्ष नातवांचा. यांच्या मोबाइलवर वाऱ्याचं ॲप असतं, उपग्रहाचा रंगीत नकाशा असतो आणि त्यात अरबी समुद्र लालच लाल. पोरं खोटं बोलत नाहीत. २०२५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे थंडी निरोप घेण्याच्या महिन्यात, हवामान खात्याने मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. आणि थंडी हा काही नुसता हौसेचा ऋतू नव्हे. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडा गार वारा आला की अरबी समुद्राच्या उत्तर भागातलं वरचं पाणी थंड होतं, जड होऊन खाली बसतं, आणि खालचं खतपाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर बारीक जीव, त्यावर मासळी आणि मासळीवर आपण. वरचं पाणी गरम राहिलं की हे ढवळणं मंदावतं. नोकरदाराची थंडी गेली तर स्वेटर वाचतं, नाखव्याची गेली तर ताटातलं जातं.

तिसरा पक्ष एकट्याचा. मच्छीमार सोसायटीची कागदपत्रं सांभाळणारे एक तात्या. पोरांनी नकाशा दाखवला की तात्या आधी आजूबाजूला बघतात, मग आवाज खाली आणतात. ‘अरं पोऱ्या, ग्लोबल वार्मिंग बोलू नको. लिवून तर नकोच नको. मासली वार्मिंगनं गेली असं लिवून दिलंस, तर भरपाई कोनाकरं मांगशील? नोटीस कोनाला धारशील?’

शहरातल्या शहाण्यांना हे ऐकून हसू येतं. बघा, अजून विज्ञान पोचलं नाही. मला मात्र संपूर्ण नवी मुंबईत हवामानबदलाची राजकीय बाजू समजलेला हा एकच माणूस भेटला. तात्यांना पारा चढलेला दिसत नाही असं नाही, पण कोर्टात पारा हजर राहत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

त्यांच्यासमोर दाखला आहे. उरण, हनुमान कोळीवाडा, गव्हाण इथल्या मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली: भरावाने आणि खारफुटी गेल्याने भरती-ओहोटीची वाट अडली, धंदा बुडाला. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी लवादाच्या पुणे खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये द्यायला सांगितले. कोणी? जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडकोने. तिघांना कार्यालयं आहेत, टपाल घेणारा कारकून आहे. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, जाणारच होतं. पण जायला निदान पत्ता तरी होता. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसमध्ये जगातले सगळे देश जमले, तापमानवाढ दोन अंशांच्या बऱ्याच खाली, जमलं तर दीडवर थोपवायची असा करार झाला, टाळ्या वाजल्या. तात्यांनी या दोन बातम्यांतली कोणती कापून ठेवली असेल, हे सांगायला नको.

वादळांचं त्या मानाने बरं असतं. त्यांना नावं असतात. ओखी, क्यार, महा, निसर्ग, तौक्ते. नाव आणि तारीख असली की तलाठी येतो, फुटलेली होडी मोजतो, पंचनामा होतो, पॅकेज जाहीर होतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये सांगितलं की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. २०१९ मध्ये तर वादळांनी इतके दिवस होड्या किनाऱ्याला बांधून ठेवल्या की राज्याची मासळी दोन लाख टनांच्या आसपास आली, ४५ वर्षांतला नीचांक. तरी वादळाचा पंचनामा होतो. न पडलेल्या थंडीचा कसा करायचा? तलाठी विचारणार, थंडी किती वाजता गेली? साक्षीदार कोण?

याच कारणामुळे ग्लोबल वॉर्मिंग हा साहेब लोकांचा लाडका आरोपी झाला आहे. खाडी गाळाने भरली? हवामानबदल. कोळंबी दिसेनाशी झाली? हवामानबदल. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, नाल्यांतून येणारं सांडपाणी, विमानतळासाठी सपाट केलेली उलव्याची टेकडी आणि वळवलेली उलवे नदी, हे सगळे त्या दिवशी गावाला गेलेले असतात. एरवी ज्यांना आयपीसीसी हा बँकेचा कोड वाटेल, ते बैठकीत ‘जागतिक समस्या आहे हो’ म्हणून उसासा सोडतात. जागतिक म्हटलं की वॉर्ड ऑफिसची हद्द संपते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये नेरुळच्या डीपीएस तलावात फ्लेमिंगो मेले. पक्षिप्रेमींनी दाखवून दिलं की तलावात येणारं भरतीचं पाणीच अडलंय. हा साधा, स्थानिक, फावड्याने सुटणारा प्रश्न होता. शहराने चौकाचौकांत या पक्ष्याचे पुतळे उभारलेले, त्यामुळे हळहळ झाली, समितीही नेमली गेली. फ्लेमिंगो नशीबवान. ज्या सांडपाण्याने खाडीतला जिताडा मासा हैराण झाला, त्याच्यावर वाढणारं शेवाळ फ्लेमिंगोला चालतं, आणि मेलाच तर फोटो चांगला येतो. चिखलातल्या निवटी माशाचा पुतळा कोण उभारणार?

गंमत म्हणजे तिन्ही पक्ष बरोबर आहेत. म्हाताऱ्यांची थंडी खरंच होती, पोरांचा समुद्र खरंच तापतो आहे, आणि तात्यांचा भराव तर डोळ्यांसमोर आहे. तापलेल्या पाण्यात मासळी कशीबशी तग धरते, पण अंडी घालायची खारफुटीच गेली तर ती तग धरून जाणार कुठे? दोन्ही मार एकाच पाठीवर बसतात. पण सरकारी अर्जात ‘नुकसानीचे कारण’ या शब्दांपुढे जागा एका ओळीची असते, आणि जो ती ओळ भरतो तो कुठल्या तरी एका आरोपीला सोडून देतो. म्हणून तात्या ती ओळ पोरांच्या हाती देत नाहीत. हट्टी आहेत, काहीसे खडूसही. एखाद्या साहेबाने इतक्या विचाराने ओळ भरली असती तर त्याला दूरदृष्टी म्हणाले असते.

परवा मात्र नकाशावाल्या पोराने तात्यांना गाठलंच. म्हणाला, तात्या, तुमचा मुद्दा मोडला, वार्मिंगलाही आता पत्ता मिळाला. २०२२ मध्ये इजिप्तमध्ये परिषद झाली, तापमानवाढीने बुडालेल्या गरीब देशांना भरपाई द्यायला निधी काढायचं ठरलं. तात्यांनी जाळ्यातली सुई थांबवली. पैसे नाखव्याला मिळनार का देशाला? देशाला. मंग देश सोसायटीला कवा देनार? पोरगा मोबाइलमध्ये शोधू लागला. तात्यांनी पुन्हा सुई उचलली.

‘डिझेलचा परतावा थकलाय. त्यो पयला येऊ दे,’ ते म्हणाले, ‘मंग इजिप्तचं बगू.’