साठ ठेक्यांचं घड्याळ

आमच्या पिंपळवंडीच्या मळ्यात पहाटे उठायला घड्याळ लागतं, हा शोध न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या पुतण्यानं लावला. तोवर आम्ही गाईच्या हंबरण्यावर, आईच्या खोकल्यावर नाहीतर विहिरीवरची मोटार बंद पडल्यावर उठत होतो. होय, बंद पडल्यावर. थ्री फेज रात्रीची असली की ऑटोवर टाकलेली मोटार आपोआप सुरू होते, तिच्या घरघरीत झोप छान लागते, आणि लाईट जाऊन घरघर थांबली की मी दचकून उठून बसतो. हे सगळं पुतण्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "काका, गजर लावत जा, पण त्यासाठी फोन उशाशी घेऊन झोपू नका." मग बॅगेतून एक काळी, विटेएवढी पेटी काढून त्यानं माझ्या हातात ठेवली. घड्याळ, गजर आणि रेडिओ, तिन्ही एकात. सोबत एकशे दहा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, तो मात्र दोन विटांएवढा.

"लावायला अगदी सोपंय," असं सांगून तो विमानात बसला. यंत्र सोपं असल्याचं सांगणारे लोक लगेच विमानात का बसतात, हे मला हळूहळू कळत गेलं.

पेटी लावली तशी लाल आकड्यांत बारा उमटले आणि उघडझाप करू लागले. "ते डोळा का मारतंय?" आमच्या हिनं दारातूनच विचारलं. मी माहितीपुस्तक उघडलं. ते इंग्रजी, स्पॅनिश आणि फ्रेंचमध्ये होतं, आणि तिन्हींत मला सारखंच समजलं. वेळ लावायला एक बटण दाबून धरायचं आणि दुसरं बोटानं दाबत राहायचं. आकडे आधी गोगलगाईसारखे सरकतात, मग एकदम उधळतात. नऊला थांबवायचे म्हणून बोट काढेपर्यंत ते अकरावर गेलेले असतात, आणि मागे फिरायची सोय नसते. पुन्हा सगळ्या घरांवरून प्रदक्षिणा. त्यात एका कोपऱ्यात मोहरीएवढं टिंब असतं. ते पेटलेलं असलं तर रात्र, विझलेलं असलं तर सकाळ. माझे चष्मे दोन आहेत. ते टिंब दोन्हींतून दिसत नाही.

बारा बटणांपैकी एकावर 'स्लीप' लिहिलं होतं. ते दाबलं की झोप येत असावी, अशा समजुतीनं आईनं रात्री अकराला ते दाबलं. पेटीतून असा काही खरखराट सुटला, की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. त्या बटणानं रेडिओ लागतो आणि तासाभरानं आपोआप बंद होतो. म्हणजे माणसाला झोप लागली असं गृहीत धरून रेडिओ झोपी जातो. आम्ही तो तास तिघंही टक्क जागे होतो.

रेडिओची कथा वेगळीच निघाली. पुण्याची विविध भारती एकशे एक मेगाहर्ट्झवर लागते हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण या पेटीचा आकडा १००.९ वरून थेट १०१.१ वर उडी मारायचा. अमेरिकेत एफएमची केंद्रं एक सोडून एक दशांशावर असतात, त्यामुळे मधलं घर त्या यंत्राला ठाऊकच नाही. मीडियम वेव्हवर तीच तऱ्हा. पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर. आपल्याकडे नऊ-नऊच्या पायऱ्या, तिकडे दहा-दहाच्या. पेटी ७९० वर थांबायची नाहीतर ८०० वर. ७९० वर निवेदक बोलायचा, पण सर्दी झाल्यासारखा, नाकातून. एफएमवर तर कढईत भजी सोडल्यासारखा आवाज. मी वायरची अँटेना खिडकीतून काढून शेवग्याला बांधली, तेव्हा भज्यांच्या जागी कुरडया तळल्यासारखं ऐकू येऊ लागलं.

इथे एक गोष्ट मनाला लागते. आमच्यापासून फार लांब नाही, खोडदला, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. चौदा मधोमध, बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर, पंचवीसेक किलोमीटरांत पसरलेल्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी आणि त्यांच्या मंडळींनी ही महादुर्बीण या मुलखात उभारली, त्याच्या कारणांपैकी एक म्हणजे इथे रेडिओलहरींचा गोंगाट कमी. ज्या शांततेसाठी त्यांनी हा मुलूख निवडला, तीच शांतता आता माझ्या उशाशी येऊन बसली होती. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मी खोडदच्या प्रदर्शनाला शाळेची पोरं घेऊन बरीच वर्षं जात असे. या दुर्बिणीनं एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हाक पकडल्याची बातमी २०२३ साली आली, तेव्हा मी अभिमानानं फुललो होतो. आता पुण्याच्या शिवाजीनगरातल्या आकाशवाणीहून निघालेली हाक पिंपळवंडीत पकडता येईना.

असो. गजर तरी वाजेल म्हणून रात्री नऊच्या ठोक्याला वेळ लावली, पहाटे पाचचा गजर लावला आणि पडलो. गजर झाला. मी उठलो, चूळ भरली, बाहेर आलो तर ऊन ओट्यावर. आमची ही दूध डेअरीला पाठवून चहाला बसलेली. पेटीत पाच, भिंतीवर सहा छत्तीस.

"गजर झाला का?" तिनं विचारलं. तिच्या या साध्या प्रश्नांची मला भीती वाटते.

आईनं निदान केलं, "आरं, ते तिकडचं हाय. त्याला माहेरची आठवण येती. तिकडची येळ दाखवायला बघतंय." मी हसलो. पण मी अंकगणिताचा निवृत्त शिक्षक, हसून भागणार नव्हतं. वहीत तक्ता मांडला. भिंतीवरचं घड्याळ एक तास चाललं की पेटी पन्नास मिनिटं चालते. दिवसाला चार तास मागे. म्हणजे अडीच दिवसांच्या पुढे-मागे तिच्यात खरोखरच न्यू जर्सीची वेळ येते! आईचं बरोबर होतं, हे मी घरात सांगितलं नाही. आणखी गंमत म्हणजे तिसऱ्या दिवशी पेटी बरोबर बारा तास मागे पडते, आकडे भिंतीशी तंतोतंत जुळतात, फक्त ते मोहरीएवढं टिंब खोटं बोलतं. बंद घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा खरं सांगतं. हे चालू होतं म्हणून तीन दिवसांतून एकदा.

माझ्या वडिलांच्या रेडिओची याच सुमारास फार आठवण आली. त्याला पोस्टातून परवाना लागायचा, वर्षाचे पंधरा रुपये. तो फडताळात उंचावर, क्रोशाच्या रुमालाखाली बसायचा आणि घराला वेळ सांगायचा. बातम्यांआधीचे टूं-टूं वाजले की वडील चावीच्या घड्याळाचा काटा सरकवायचे. घड्याळानं कधी कुरकुर केली नाही. सकाळी सात दहाला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की डेअरीला निघायचं, संस्कृत बातम्या लागल्या तेव्हा धार संपलेली असली पाहिजे, असं आमचं पंचांग. १९५६ साली तर पुण्यासह पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओभोवती शेतकऱ्यांची मंडळं बसवून शेतीचे कार्यक्रम ऐकण्याचा आणि ऐकून वाद घालण्याचा प्रयोग झाला होता, युनेस्कोच्या मदतीनं. वाद घालण्यासाठी आमच्या भागात रेडिओची मदत लागली, याचंच मला नवल वाटतं. योगायोग असा, की त्याच १९५६ साली अमेरिकेत डुलकीचं बटण असलेलं गजराचं घड्याळ बाजारात आलं. इकडे लोक रेडिओनं जागे होत होते, तिकडे आणखी थोडं झोपायची सोय निघत होती.

तेव्हा रेडिओ घड्याळाला वेळ सांगायचा. या पेटीत दोघं एका छपराखाली राहत होते, पण वाटण्या झालेल्या भावांसारखे. चूल वेगळी, बोलचाल बंद.

शेवटी पेटी पिशवीत घालून नारायणगावला मोटार रिवायंडिंगवाल्याकडे गेलो. तो माझा विद्यार्थी. चौथीत अपूर्णांकांना फार घाबरायचा; मी त्याला एकदा पाच-षष्ठांशासाठी अर्धा तास फळ्याशी उभं केलं होतं. त्यानं पेटी उलटी केली, खालची पट्टी वाचली आणि मोकळेपणानं हसला.

"गुरुजी, हे साठ सायकलचं हाय."

"आणि आपली?"

उत्तर न देता त्यानं दुकानात पडलेल्या एका पाणबुडी मोटारीवरची पत्र्याची पाटी दाखवली. पन्नास हर्ट्झ. मी विहिरीवरच्या मोटारीची तशी पाटी वीस वर्षं पुसत आलो आहे, वाचली कधी नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते, अमेरिकेतली साठ वेळा. अशा पेट्या विजेचे हेलकावे मोजून वेळ ठरवतात. साठ मोजले की एक सेकंद. आपल्याकडे साठ व्हायला सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. नेमकं सांगायचं तर एक पूर्णांक एक-पंचमांश.

"पण ट्रान्सफॉर्मर लावलाय की," मी म्हणालो.

"त्यानं व्होल्ट उतरतंय, सायकल बदलत न्हाई. ज्यादा पैशाच्या घड्याळाला खाली पन्नास-साठचं बटण आसतंय. याला न्हाई." मग जरा थांबून, खाली बघत, तो म्हणाला, "पाच-षष्ठांश, गुरुजी." मी चहा मागवला. तेवढंच करण्यासारखं होतं.

परत येताना एसटीत बसून विचार केला, की यात घड्याळाचा दोष नाही. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, थोर तमासगीर विठाबाईंचं गाव. साठाच्या लयीत शिकलेला नाचणारा पन्नासाच्या ठेक्यावर उभा केला तर त्याचं पाऊल मागेच पडणार. आणि ठेका बदलायचा तर कुणाला सांगायचं? ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रिड जोडलं गेल्यापासून सगळ्या देशाच्या विजेचं जाळं एकाच ठेक्यावर वाजतंय. माझ्या उशाशी वेळ बरोबर यावी म्हणून एवढी ढोलकी कुणी उतरवून चढवणार नाही.

तरीही कारण कळलं म्हटल्यावर मी इरेस पेटलो. रात्री नऊला वेळ लावली, तर पाचला उठायला गजर तीन चाळीसचा लावायचा. आठ तासांचे पाच-षष्ठांश. उशाशी पाढ्याचा कागद चिकटवला. पहिल्या रात्री बरोबर पाचला गजर झाला आणि मी विजयी मुद्रेनं हिला उठवायला गेलो. ती अर्थातच उठलेली होती. दुसऱ्या रात्री दहा ते एक लाईट गेली. लाईट गेल्यावर पेटी आतल्या चौकोनी बॅटरीवर चालते, आणि बॅटरीवर ती विजेचे हेलकावे न मोजता आपल्या मनानं चालते. म्हणजे जवळपास बरोबर! त्या तीन तासांत तिनं तीन तास मोजले, आणि गजर चार चोवीसला झाला. म्हणून मी एक रात्र मुद्दामच पिन काढून पेटी निव्वळ बॅटरीवर ठेवली. वेळ अचूक. फक्त बॅटरीवर आकडे पेटत नाहीत. वेळ बरोबर असते तेव्हा दिसत नाही आणि दिसते तेव्हा बरोबर नसते, असं यंत्र मी साठीत पहिल्यांदाच पाहिलं. डुलकीचं बटण तेवढं मला लाभलं. त्याची डुलकी तिकडे नऊ मिनिटांची. आमच्याकडे दहा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांची.

होळीनंतर ऊसतोड झाली तसा बिबट्या मळ्याकडे फिरकू लागला. जुन्नर तालुक्यात ही बातमी नव्हे, हवामान आहे. ऊस तुटला की त्याचं घर मोडतं, आणि मग तो आमच्या घराकडे बघतो. शेजारच्या मळ्यातली शेळी गेली. कुणी गोठ्यावर दिवा लावला, कुणी फटाके आणले, कुणी रात्रभर गाणी लावून ठेवली. एका जाणत्यानं सांगितलं, की रोज एकाच वेळी एकच आवाज झाला की जनावराला तो कळून चुकतो. आवाज असा हवा की कधी होईल सांगता येऊ नये.

आमची ही उठली, माझ्या उशाशी आली, पेटीची पिन उपसली आणि गोठ्याकडे चालू लागली.

तेव्हापासून पेटी गव्हाणीच्या वरच्या फळीवर आहे. गजर पाचचाच, रेडिओ १००.९ वर, आवाज पूर्ण. एक गजर सकाळी सहा छत्तीसला झाला की पुढचा दुसऱ्या दिवशी अकरा चोवीसला, मग दुपारी चार बाराला, मग रात्री नऊला, मग मध्यरात्री एक अठ्ठेचाळीसला. सहा दिवसांत पाच. मधे लाईट गेली की हेही गणित मोडतं. भज्यांचा तो खरखराट अंधारात असा काही सुटतो, की गाय आधी चार दिवस आटली आणि मग तिनं नाद सोडला. बिबट्याचे ठसे बांधापर्यंत येतात, तिथून वळतात. निदान आमच्या बांधावरून तरी वळतात; यश कुणाचं यावर मी वाद घालत नाही.

मे महिन्यात पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. उन्हं कलली होती, ही धार काढायला बसली होती, म्हणून मी फोन घेऊन गोठ्यातच गेलो. "काका, घड्याळ वापरता ना?" त्यानं विचारलं. मी फोन फळीकडे वळवला. लाल आकड्यांत सात वीस झाले होते.

तो गप्प झाला. मग त्यानं आपल्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथल्या घड्याळातही सात वीस. त्याच्या हातात सकाळची कॉफी होती.

"काका, हे तुम्ही मुद्दाम आमच्या वेळेवर लावलंय?" त्याचा आवाज जरा भरून आला होता.

मी पाच-षष्ठांश सांगायला तोंड उघडलं. पण गव्हाणीपाशी उभी असलेली आई मला हातानं गप्प करत फोनमध्ये डोकावली.

"मी म्हटलं व्हतं का न्हाई," ती म्हणाली, "त्याला माहेरची आठवण येती म्हणून."