फिरत्या बंगल्याचं नाक

अमेरिकेत निवृत्त पिवळी स्कूल बस घेऊन तिचं फिरतं घर करणाऱ्यांची हौस दांडगी. लाकडी ओटा, छतावर सोलर, कोपऱ्यात शेगडीसुद्धा! एअर फिल्टरची पाळी आली, की मात्र यांना एकदम रेसिंग आठवतं. तेल लावलेला, धुऊन वापरायचा, चकचकीत फिल्टर हवा. म्हणे इंजिन मोकळा श्वास घेतं. घेतं ना, धुळीसकट! टर्बो आणि पिस्टन रिंगा झिजतात, घर काही शर्यत जिंकत नाही. इंजिनाला नेमून दिलेला कागदी फिल्टर थोडा मळला, की धूळ उलट अधिक बारकाईने अडवतो. बदलायची वेळ फिल्टरमधला हवेचा अडथळा दाखवणारा रिस्ट्रिक्शन गेज सांगतो. साधा कागदच घ्या. वाचलेल्या पैशात पडदे येतील.