९८ टक्क्यांवरचा विघ्नसंतोषी

सीडी राइटर सुरुवातीलाच नकार देत नाही. तेवढा सरळपणा त्याच्यात नाही. तो ९८ टक्क्यांपर्यंत नेतो आणि मग चकती बाहेर ओकतो. लगेच सल्लागार जमतात. एक म्हणतो, वेग कमी करा. म्हणजे खोक्यावर ५२ एक्स छापायचं, आपण पैसेही ५२ चे मोजायचे, आणि राइट मात्र ८ एक्सवर करायचं! दुसरा लेन्सवर फुंकर मारतो. तिसरा विंडोज नव्याने टाकायला सांगतो. तो दुखऱ्या दातावरही हाच उपाय सांगेल.

ड्राइव्हची बाजूही ऐकून घ्यावी. लेझरने चकतीवरचा रंगथर तापवत तो आतून कडेकडे लिहीत जातो. चकती भरत आली की सर्वाधिक वेग आणि थरथर नेमकी कडेलाच. त्यात रंगथर स्वस्तातला आणि लेझर म्हातारा.

जुन्या ड्राइव्हना माहितीचा पुरवठा क्षणभर तुटलेलाही चालत नसे. म्हणून राइट होईपर्यंत माऊसला शिवायचं नाही, स्क्रीनसेव्हर बंद, घरात सोवळं. २००० च्या सुमारास ड्राइव्हमध्येच त्यावर तोड निघाली; सोवळं मात्र पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं.

आणि सीडी राइट करायच्या ज्या 'नीरो' सॉफ्टवेअरवर सगळ्यांची भिस्त होती, त्याच्या चिन्हात कलोसियम पेटलेलं. सम्राट नीरो वारला ६८ साली, कलोसियम खुलं झालं ८० साली. इथे तपासणीचा 'व्हेरिफाय' पर्याय कुणीच निवडला नसावा.